प्रिंटर प्रतिसाद देत नाही

७ जुलै, सोमवार

प्रिंटरच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र नोंदवही मिळावी, असा अर्ज मी मुख्याध्यापकांकडे केला होता. रामकिसन सरांनी त्यावर लाल शाईने 'चर्चा करा' असा शेरा मारून तो परत दिला. कुणाशी, ते लिहिलेलं नाही. म्हणून ही नोंद घरच्या वहीत करतो आहे. वही माझी, पेन माझं, वेळही शाळेचा नाही.

परिस्थिती अशी. मी शाळेचा ग्रंथपाल आहे. ग्रंथालयाच्या खोलीत सध्या पोषण आहाराचा तांदूळ असल्यामुळे मी कार्यालयात बसतो, आणि २००६ साली संगणकाचा एक कोर्स केलेला असल्यामुळे संगणक प्रभारीही आहे. गेल्या वर्षी संस्थेचे अध्यक्ष आदिनाथ आबासाहेब एका कार्यशाळेला गेले होते. आल्यावर त्यांनी सांगितलं, "लिनक्स म्हणून एक हाय. त्याला व्हायरस येत न्हाई अन् ते वापरायला कुणाच्या बापाची परवानगी लागत न्हाई." पुढच्याच बैठकीत ठराव होऊन कार्यालयाच्या संगणकावर लिनक्स आलं. आबांच्या दालनातल्या संगणकावर मात्र जुनंच विंडोज ठेवलं आहे, कारण त्यातला पत्त्यांचा खेळ आबांच्या सवयीचा आहे.

नवा प्रिंटर नेटवर्कचा आहे. म्हणजे तो कुठेही असला तरी वायरीच्या जाळ्यातून कार्यालयातून कागद पाठवता येतो. तो आबांच्या दालनात आहे, कारण त्याची फीत तिथे कापली गेली. आबा तालुक्याला राहतात, त्यामुळे दालनाला कुलूप असतं. किल्ली हेडक्लार्क मुंजाजीरावांकडे.

आज मनकर्णाबाईंचा प्रस्ताव टाइप करून पूर्ण केला. नऊ पानं. त्या एकोणीस वर्षांपासून शाळेत तात्पुरत्या सेविका आहेत. आता ती जागा कायम होते आहे. आबांच्या सहीनिशी हा प्रस्ताव एकतीस जुलैपर्यंत बीडला शिक्षण विभागात पोचला, तर बाई कायम होतील. एकतीसनंतर संस्था त्या जागेसाठी दुसरं नाव सुचवू शकते.

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी छपाईचं बटण दाबलं. पडद्यावर आलं : 'प्रिंटर प्रतिसाद देत नाही.'


८ जुलै, मंगळवार

प्रस्तावाखालची तारीख बदलून आजची केली. आज छापायच्या कागदावर कालची तारीख ठेवणं मला खोटं वाटलं. छपाई दिली. प्रतिसाद नाही.

मग काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून प्रिंटरला पिंग केलं. पिंग म्हणजे यंत्राला हाक मारणं. चार हाका मारल्या, एकीलाही ओ आली नाही.

मुंजाजीराव मात्र म्हणाले की प्रिंटर ठणठणीत आहे. आबांच्या वाढदिवसाची दोनशे निमंत्रणं त्यांनी सकाळीच काढली. दालनातला संगणक प्रिंटरला थेट वायरने जोडलेला आहे.

"म्हंजी दोष तुमच्या त्या पेंग्विनचा," ते म्हणाले. आमच्या लिनक्सचं चित्र पेंग्विनचं आहे. "थंडीतलं पाखरू ते. बीडच्या उन्हात कसं तग धरंल, बिभीषणराव?"

सगळे हसले. मीही हसलो. पण मुद्दा विचार करण्यासारखा आहे. प्रिंटर तिकडून चालतो आणि माझ्याकडून चालत नाही, तर दोष माझ्या बाजूला असणार हे उघड आहे.


१० जुलै, गुरुवार

चालक बदलून पाहिला. चालक म्हणजे संगणकाची भाषा प्रिंटरला समजावून सांगणारा दुभाष्या. तीन दुभाषे पाहिले. तिघांचंही तो ऐकत नाही. प्रस्तावाचा फॉन्टही बदलला. जोडाक्षरं जड जात असतील असं वाटलं होतं.

आज आबांचा भाचा लखन शाळेत आला. वय बत्तीस, बी.ए., बुलेटवर फिरतो. मुंजाजीरावांनी मनकर्णाबाईंना सांगितलं की याला घंटा वाजवायला शिकवा. भरल्या तासाची कशी, मधल्या सुट्टीची कशी, प्रार्थनेची कशी. बाईंनी शिकवलं. लखनने कसलीही लाज न बाळगता शिकून घेतलं. सुशिक्षित आणि सुस्थितीतल्या माणसाने असं काम हौसेने शिकावं, याचं मला कौतुक वाटलं. संध्याकाळी घरी बायकोला, वनिताला, सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "घंटा कायमची शिकला का तात्पुरती?"

मला प्रश्न कळला नाही. घंटा ही घंटाच असते.


१४ जुलै, सोमवार

आज एक गोष्ट उमगली. मी जे जे छपाईला पाठवलं ते नष्ट झालेलं नाही. लिनक्स ते सगळं रांगेत धरून ठेवतं आणि प्रिंटर भेटेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतं. संगणक बंद करून चालू केला तरी रांग मोडत नाही. सध्या रांगेत सात प्रस्ताव आहेत, सातही मनकर्णाबाईंचे, प्रत्येकाखाली त्या त्या दिवसाची तारीख.

मुंजाजीरावांना दाखवलं. ते म्हणाले, "रद्द करा की मग. कावून गर्दी ठिवली?"

रद्द करायला एका ओळीची आज्ञा पुरते. पण हे कार्यालयीन कागद आहेत. तयार झालेला कार्यालयीन कागद मी स्वतःच्या अधिकारात नष्ट कसा करू? रांगेतली कामं रद्द करण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज मुख्याध्यापकांना दिला. चार वाजता परत आला. शेरा : 'चर्चा करा'.

रामकिसन सर पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. 'हो' किंवा 'नाही' असा शेरा त्यांनी गेल्या सहा वर्षांत मारल्याचं मला आठवत नाही.


१५ जुलै, मंगळवार

मनकर्णाबाई चहा घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"सर, मपला कागद निघाला का?"

मी खरं ते सांगितलं. म्हणालो, "निघाला नाही, पण वायाही गेला नाही. रोजचा कागद रांगेत उभा आहे. प्रिंटरशी गाठ पडली की पहिल्यापासून क्रमाने सगळे बाहेर येतील."

"म्हंजी राशनच्या रांगेवानी? दुकान उघडलं की आधी पयला, मग दुसरा?"

"तसंच."

"अन् मधी कुणी घुसलं तर?"

"यात घुसता येत नाही. ज्याचा नंबर आधी त्याचा कागद आधी."

बाई बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. "लई इमानदार हाय की मशीन," म्हणाल्या, आणि कप न घेताच गेल्या. मग कप घ्यायला परत आल्या.


१७ जुलै, गुरुवार

प्रिंटर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय निदान होणार नाही, हे मुंजाजीरावांना पटवलं. त्यांनी स्वतः कुलूप उघडलं. चपला बाहेर काढून आत गेलो.

प्रिंटरवर क्रोशाचं झाकण आहे. उद्घाटनाचा हार अजून तसाच, त्यातली फुलं वाळली आहेत. पाठ भिंतीकडे आहे. वायर कुठे लागते ते बघायला मी आबांच्या खुर्चीमागे जाणार होतो, तेवढ्यात मुंजाजीराव म्हणाले, "हां हां! तिथं आबा बसतेत. तिथून कुणी जात न्हाई."

ते बरोबरच आहे. मी पुढूनच पाहिलं. प्रिंटरचा दिवा हिरवा होता. सोफ्याखाली एक निळी वायर छान वेटोळं करून, रबर लावून ठेवलेली दिसली. जुनी असावी. मुंजाजीराव वस्तू फेकून देत नाहीत, गुंडाळून ठेवतात. कार्यालयात अशी नीटनेटकी माणसं कमी असतात.

निष्कर्ष : प्रिंटरमध्ये दोष नाही. दोष माझ्यात.


२१ जुलै, सोमवार

रांगेत तेरा.

वनिताने मला आज सरळ विचारलं, "आबांची निमंत्रणं निघतात, मुंजाजीच्या मेहुण्याचं रहिवासी पत्र निघतं, अन् मनकर्णाताईचाच कागद निघत नाही. तुमचा प्रिंटर माणूस ओळखतो वाटतं."

मी तिला समजावलं की प्रिंटरला मजकूर कळत नाही, त्याला फक्त ठिपके कळतात.

"त्याला नाही कळत हो," ती म्हणाली.

जेवताना मनात एक शंका आली. ती इथे लिहितानाही संकोच होतो. सोफ्याखालची निळी वायर. आमच्या कार्यालयातून झरोक्यातून दालनाकडे जी जाते, तीही निळीच आहे.

सतरा वर्षं ज्यांच्याबरोबर नोकरी केली, ज्यांच्या मुलीच्या लग्नात पंगत वाढली, त्यांच्याबद्दल हा विचार माझ्या मनात यावा. निळ्या वायरी बाजारात पुष्कळ मिळतात.


२२ जुलै, मंगळवार

रात्रभर मन खात होतं. सकाळी मुंजाजीरावांना स्टँडवरच्या हॉटेलात नेलं, चहा सांगितला आणि स्पष्ट सांगून टाकलं की काल तुमच्याविषयी माझ्या मनात एक वाईट विचार आला होता, त्याची माफी मागतो.

त्यांचा कप तोंडाजवळच थांबला. "कसला इचार?"

"तो सांगण्यासारखा नाही. यंत्राच्या संदर्भातला होता. पण मी तो काढून टाकला आहे."

त्यांनी चहा संपवला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बिभीषणराव, संशय मशीनवर घ्यावा. माणसावर घेऊ नये. माणूस दुखावतो."

किती खरं आहे. मन हलकं झालं. चहाचे पैसे त्यांनीच दिले.


२६ जुलै, शनिवार

रांगेत एकवीस, कारण या आठवड्यात तीन दिवस दोनदा छपाई दिली. पाच दिवस उरले. आज सकाळची शाळा होती. सुटल्यावर मी जे केलं ते लिहायला हवं.

इथे आधी ठराव क्रमांक सातची नोंद करतो, कारण त्याशिवाय माझा अपराध कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी सहामाहीचा पेपर झेरॉक्सच्या दुकानातून फुटला होता. त्यानंतर ठराव झाला. कलम (अ) : कार्यालयीन कागद संस्थेच्या प्रिंटरखेरीज अन्यत्र छापू नये; छापल्यास त्यास जावक क्रमांक देऊ नये. (जावक क्रमांकाशिवाय कागद शाळेबाहेर जात नाही.) कलम (ब) : अध्यक्षांच्या दालनातील संगणकास पेन ड्राइव्ह लावू नये. मसुदा माझाच. आबांनी तो दोनदा वाचायला लावला होता आणि "भाषा लई कडक हाय" म्हणाले होते. मला तेव्हा अभिमान वाटला होता. तो आजही थोडा आहे, हेही लिहितो.

तर मी पेन ड्राइव्ह घेऊन बसने बीडला गेलो. बसमध्ये लिंबागणेशला बाप्पाच्या दर्शनाला गेलेली माणसं प्रसाद वाटत होती. मी घेतला नाही. गुन्हा करायला निघालेल्या माणसाने प्रसाद घ्यावा की नाही, ते ठरेना.

दुकानदाराने दोन मिनिटांत नऊ पानं काढून दिली. तो म्हणाला, "पिशवी देऊ का?" मी घाबरून नको म्हणालो. मग कागद शर्टाच्या आत घालून आणले. घामाने शेवटच्या पानाचा कोपरा ओला झाला.


२८ जुलै, सोमवार

मुंजाजीरावांनी पानं उजेडात धरून पाहिली.

"हे आपल्या प्रिंटरचं न्हाई."

"नाही."

"मग जावक नंबर कसा द्यू? ठराव सात, अ." ते कागद परत देताना म्हणाले, "तुमीच लिव्हलंय ना ओ सर. मी तर निस्ता शिपायावानी नियम पाळतो."

मी कलम पुन्हा वाचलं. पळवाट शोधली. एकही नव्हती. मसुदा खरंच चांगला होता.

मनकर्णाबाई दारात झाडू घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं त्या काही बोलतील. त्यांनी फक्त लखनला सांगितलं, "प्रार्थनेची घंटा दोनदा देत असतेत, दादा. तुमी एकदाच दिली." आणि झाडायला गेल्या.


२९ जुलै, मंगळवार

उद्या वार्षिक तपासणीसाठी शिक्षण विभागाच्या अधिकारी मॅडम येणार आहेत. आबा स्वतः येऊन गेले. त्यांना मॅडमना 'डिजिटल कार्यालय' दाखवायचं आहे. मॅडम दालनात बसतील, मी इकडून स्वागतपत्र पाठवायचं आणि ते तिकडे त्यांच्या डोळ्यांसमोर बाहेर यायचं.

मी म्हणालो, "आबासाहेब, माझ्याकडून प्रिंटर चालत नाही. तेवीस कामं रांगेत आहेत."

आबांनी मुंजाजीरावांकडे पाहिलं. मुंजाजीराव म्हणाले, "चालतंय उद्या, आबा. मी बघतो. सरांनी निस्तं बटण दाबायचं."

इतक्या आत्मविश्वासाने ते कसं बोलले, मला कळेना. मग त्यांनी स्वागतपत्राचा मजकूर माझ्याकडून कागदावर घेतला आणि लखनला आबांच्या संगणकावर टाइप करायला बसवलं. मीच पाठवणार आहे तर तो तिथे कशाला, असं मी विचारलं. "सराव करायलंय पोरगं," म्हणाले. सराव चांगलाच.

बाईंना सांगितलं आहे की दालन उद्या लख्ख हवं. सोफे सरकवून झाडा.


३० जुलै, बुधवार

जे घडलं ते क्रमाने लिहितो.

मॅडम साडेअकराला आल्या. सत्कार, नारळ, शाल. मग त्यांना दालनात नेलं. मी कार्यालयात संगणकापुढे. ठरलं असं होतं की रामकिसन सरांनी दारात येऊन टाळी वाजवली की मी बटण दाबायचं. सरांनी टाळी वाजवली. मी दाबलं. त्याच वेळी दालनात लखनने झाडण्यासाठी बंद ठेवलेल्या प्रिंटरचा खटका चालू केला, असं नंतर कळलं.

पडद्यावरचं ते तीन आठवड्यांचं वाक्य नाहीसं झालं. त्या जागी आलं : 'छपाई सुरू आहे.'

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. लगेच पिंग केलं. चार हाका, चार ओ. मी चालकाची जी शेवटची दुरुस्ती केली होती, तीच लागू पडली असणार असं वाटलं. आणि मग खालची ओळ वाचली. 'काम १, एकूण २४.'

स्वागतपत्र चोविसावं होतं.

दोन मिनिटांत लखन धावत आला. "सर, बंद करा ते! मी कायबी न दाबता तिकडं ढीग पडायलाय!"

मागोमाग मुंजाजीराव. त्यांना इतकं वेगाने चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. "रद्द करा! सगळं रद्द करा!"

मी काळी खिडकी उघडली. रांग रद्द करण्याची आज्ञा टाइप केली. एक ओळ. बोट एंटरवर ठेवलं. आणि मला रामकिसन सरांचा शेरा आठवला.

"परवानगीच्या अर्जावर अजून 'चर्चा करा' आहे," मी म्हणालो.

"मग करा की चर्चा! आत्ता करा!"

"कुणाशी ते लिहिलेलं नाही."

मुंजाजीरावांनी कपाळावर हात मारला आणि ते दालनाकडे पळाले. मी बोट उचललं. मी हे नियम म्हणून केलं की मुद्दाम केलं, हा प्रश्न मी स्वतःला दुपारपासून विचारतो आहे.

दालनात काय झालं ते मनकर्णाबाईंकडून कळलं. त्या तेव्हा चहाचा ट्रे घेऊन आतच होत्या. त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"आबा म्हणले, आमचं मशीन थांबत न्हाई, मॅडम. अन् ते खरंच थांबंना! पयले नऊ आले, मग आणिक नऊ. मुंजाजीराव बटणाकडं हात न्यायलेते, तर मॅडम म्हणल्या, राहू द्या, काय येतंय बघू. मॅडमनं एक उचललं, वाचलं. म्हणल्या, मनकर्णा कोण? म्या म्हणलं, मीच की. च्या घ्या. त्या म्हणल्या, एकोणीस वर्षं? म्या म्हणलं, दिवाळीला ईस व्हतेत."

मॅडमनी मग चहा बाजूला ठेवला आणि टेबलावर पहिली पानं ओळीने मांडली. सात जुलै, आठ जुलै, नऊ जुलै. "रोज प्रस्ताव तयार होतो," त्या म्हणाल्या, "मग आमच्याकडे एकही कसा पोचला नाही? रोज तो या खोलीत येऊन थांबतो का?"

बाई सांगतात, प्रिंटर पानं टाकतच होता. मुंजाजीराव छताच्या पंख्याकडे बघत होते.

मग आबा हसले. "मॅडम, आमचा पाठपुरावाच असा असतो. गरीब बाईचं काम. म्हणलं टपालानं कशाला, तुमच्याच हातात द्यावं." आणि पेन मागितलं. पेन कुणाकडेच नव्हतं. मॅडमनी स्वतःचं दिलं. आबांनी सही केली, मुंजाजीरावांनी तिथल्या तिथे जावक क्रमांक घातला, आणि मॅडमनी नऊ पानं आपल्या बॅगेत ठेवली.

निरोपाच्या भाषणात आबा महिला सक्षमीकरणावर वीस मिनिटं बोलले. स्वागतपत्र मॅडमची गाडी फाट्याला लागल्यावर बाहेर आलं.


३१ जुलै, गुरुवार

मला ज्ञापन मिळालं. एकशे अठ्ठ्याण्णव कागदांचा अपव्यय केल्याबद्दल खुलासा मागितला आहे. हिशेब बरोबर आहे. तेवीसपैकी एक प्रत कामी आली, बावीस वाया. खुलाशात मी दोष मान्य केला. पाठकोऱ्या बाजूला विद्यार्थ्यांना गणितं करता येतील अशी सूचनाही दिली.

ज्ञापनात एक वाक्य आहे : 'संस्थेच्या इच्छेविरुद्ध छपाई करून'. यावर अडलो. प्रस्ताव संस्थेचा, सही अध्यक्षांची, प्रिंटर संस्थेचा. मग इच्छा कुणाची होती? खुलाशात मी हे नम्रपणे विचारलं आहे.

मुंजाजीराव संध्याकाळी जाताना म्हणाले, "नावावर गेलात शेवटी, बिभीषणराव. लंका जाळली आमची."

लंका तर हनुमानाने जाळली होती. मी दुरुस्ती केली. त्यांनी ऐकली नाही.


२ ऑगस्ट, शनिवार

मनकर्णाबाईंना मी म्हणालो की चालकाची दुरुस्ती अखेर लागू पडली, हे आपलं नशीब.

त्या कार्यालयाचं टेबल पुसत होत्या. म्हणाल्या, "चालक कोण मला म्हाईत न्हाई, सर. मी सकाळी सोफा सरकवून झाडत व्हते. निळी वायर सोफ्याखाली पडलेली. मशीनच्या मागं रिकामं भोक. म्हणलं मॅडम येणार, मोकळी वायर बरी दिसत न्हाई. घातली. खटकन बसली."

मी खुर्चीत बसलो. "ती वायर कधीपासून काढलेली होती?"

"तुमी पयला कागद टाइप केला त्या दिसापासून. मी रोज झाडते ना तिथं."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

त्यांनी फडकं पिळलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला वाटलं, तुमाला म्हाईत हाय. सगळ्यांना म्हाईत व्हतं. तुमी कागद टाइप करायचे, मुंजाजीराव वायर काढायचे. म्हणलं दोघांचं ठरलेलं असंल."

एवढे दिवस ही बाई मला दोषी समजत होती, आणि तरी मला चहा आणून देत होती. रोजच्या रोज, साखर कमी, मला लागते तशी.

फडकं वाळत घालून त्याच म्हणाल्या, "मग त्या दिवशी तुमी रांगेचं सांगितलं. आधी पयला, मग दुसरा, मधी कुणी घुसत न्हाई. तवा म्हणलं, ह्या माणसाला खरंच म्हाईत न्हाई. पण सांगितलं असतं तर तुमी जाऊन मुंजाजीरावालाच इचारलं असतं."

हे मी दोषमुक्ती म्हणून घ्यावं की काय म्हणून, ते ठरत नाही. माहीत नसणं हा बचाव आहे का? निळी वायर मी डोळ्यांनी पाहिली होती. तिच्यावरचा रबर नीटनेटका आहे, एवढंच मी वहीत लिहिलं.


१८ सप्टेंबर, गुरुवार

मान्यता आली. मनकर्णाबाई कायम. सेवापुस्तकात नोंद करायला आणि नियुक्तीचा आदेश काढायला सांगितलं आहे. लखन घंटेवर येत नाही. तो आता आबांच्या दुसऱ्या शाळेत काहीतरी शिकायला जातो.

आदेश टाइप केला, छपाई दिली. 'प्रिंटर प्रतिसाद देत नाही.'

या वेळी मी पिंग केलं नाही. चालक बदलला नाही. मुंजाजीरावांकडे जाऊन दालनाची किल्ली मागितली. ते म्हणाले, "कशाला? पेंग्विनचीच काहीतरी..." मी हात पुढे तसाच धरून ठेवला. मग त्यांनी किल्ली दिली.

चपला बाहेर काढल्या. आबांच्या खुर्चीमागून गेलो. गुडघे टेकून सोफ्याखालून निळी वायर ओढली. वेटोळं छान होतं. रबर काढला, वायर भोकात घातली. बाई म्हणाल्या होत्या तसाच खटकन आवाज आला आणि प्रिंटर घरघरला.

मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या. आदेशाचा कागद ट्रेमध्ये येईपर्यंत त्या आत आल्या नाहीत. मग आल्या, पदराला हात पुसले आणि कागद दोन्ही हातांनी उचलला. "गरम हाय," म्हणाल्या.

रबर माझ्या खिशात आहे. तो संस्थेच्या मालकीचा आहे. मी तो परत केलेला नाही, आणि त्याबद्दल अर्जही करणार नाही.